बांगडी, तांब्या आणि जोडतास

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं चित्रकलेविषयी आहे, आणि रेडिओवरून चित्र काही दाखवता येत नाही. तेव्हा एक करा. हातात बांगडी असेल तर उतरवा, नसेल तर कुणाची तरी मागून घ्या. एक डोळा मिटा. बांगडी आडवी धरा, जमिनीला समांतर, बरोबर डोळ्याच्या उंचीवर. काय दिसतं? नुसती रेघ. आता ती तशीच आडवी ठेवून हळूहळू खाली न्या. हनुवटीपाशी रेघ जराशी उघडते, छातीपाशी लंबवर्तुळ होतं, मांडीपर्यंत आणली की जवळजवळ पूर्ण गोल.

आता ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या महापालिकेच्या एखाद्या शाळेत, सहावीच्या वर्गासमोर, स्टुलावर तांब्या ठेवलाय अशी कल्पना करा. बहुतेक मुलं दोन चुका करतात, आणि त्या ठरलेल्या आहेत. तांब्याचं तोंड बदामासारखं काढतात, दोन्ही कडांना टोक आणून. आणि बूड काढतात पट्टीनं आखल्यासारखं सरळ. मुलं आळशी नसतात, त्यांचं लक्षही असतं. पण तांब्या स्टुलावर स्थिर बसलाय, म्हणजे त्याचं बूड सपाट, हे त्यांना ठाऊक असतं. हात डोळ्याचं ऐकत नाही, या ठाऊक असण्याचं ऐकतो. अशा वेळी खोडरबर घेऊन मुलाचं चित्र दुरुस्त करायला जाऊ नये. बांगडी द्यावी. बांगडीला कोपरा नसतो, म्हणून तोंडाच्या कडेला टोक येणार नाही. आणि बूड डोळ्यापासून तोंडापेक्षा खाली आहे, म्हणून त्याची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोलाईची. दहा मिनिटांत वर्गाला हे उमगतं आणि मग ते विसरलं जात नाही.

वर्गात ४५ मुलं आणि तांब्या एकच, तोही टेबलावर, असं मात्र करू नका. मागच्या बाकावरच्यांना तो पुढच्यांच्या डोक्यांमधून दिसतो. चार तांबे, चार स्टुलं, बाकांच्या मधल्या वाटेत; दहा-बारा मुलांना एक. स्टूल इतकं बुटकं हवं, की बसलेल्या मुलाला तांब्याचं तोंड वरून दिसेल. तोंड डोळ्याच्या रेषेत आलं की रेघच दिसते, आणि आपण बांगडीनं जे शिकवलं ते समोर दिसतच नाही.

हे सगळं सोपं आहे. अवघड आहे ती या कामाला लागणारी वेळ मिळवणं. सरकारी शाळेत चित्रकलेची बाजू घेणारा शिक्षक म्हणजे प्रदर्शनं भरवणारा, बक्षिसं आणणारा, असा आपला समज असतो. माझ्या मते खरी बाजू तो घेतो, जो वेळापत्रकासाठी मुख्याध्यापकांच्या टेबलापाशी उभा राहतो. हिशेब बघा. तास ३५ मिनिटांचा. बाकं सरकवणं आणि कागद वाटणं यात आठ मिनिटं जातात, पाणी भरून आणण्यात पाच, शेवटी आवरण्यात सात. झाली वीस. चित्राला उरली पंधरा. आता आठवड्यातले दोन सुटे तास एकाला एक जोडा. सत्तरातून आवराआवरीची तीच वीस वजा जातात, हातात राहतात पन्नास. शाळेचं एक मिनिटही जास्त खर्च न होता मुलांना सलग तिपटीहून अधिक वेळ मिळतो. म्हणून मागणी एकच करायची असेल, तर ती जोडतासाची करा. कलेचा एकच तास असेल, तर तो कार्यानुभवाच्या तासाला लावून घ्या.

हा जोडतास दिवसाच्या शेवटी नको. घंटा झाली की ओले कागद दप्तरात कोंबले जातात. मधल्या सुट्टीच्या आधीचा घ्या, म्हणजे आवरायला पाच मिनिटं जास्त लागली तरी कुणाचा तास बुडत नाही. पण मग सुट्टीत खिचडी असते. तेव्हा नळाशी साबण हवाच, आणि हात धुतल्याशिवाय ताटलीला हात लावायचा नाही हा नियम पहिल्या दिवसापासून.

कायद्याचा आधारही आहे, तो थोडक्यात सांगतो. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत म्हटलंय, की सहावी ते आठवीत १०० हून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, असावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मार्चमध्ये मागितलेले रंग पुढच्या वर्षीही येत नाहीत. मागणी दिवाळीनंतरच्या बैठकीत लेखी द्या, नगांसह. ‘चित्रकला साहित्य’ असं मोघम लिहिलं की पाचशे स्केचपेनं येऊन पडतात.

आता थोडं मुलांच्या वयाविषयी. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञानं १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. साधारण सातव्या ते नवव्या वर्षी मुलाचा एक ठरीव साचा तयार होतो. नऊ ते अकराच्या दरम्यान ‘हे खऱ्यासारखं दिसत नाही’ ही टोचणी लागते. म्हणजे पाचवी-सहावी. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य याच वयात जन्माला येतं, आणि नेमकं तेव्हाच आपण तास गणिताला देऊन टाकतो.

साचा आपल्या सगळ्यांना पाठ आहे: दोन डोंगर, मधून सूर्य, खालून नदी, काठाला झोपडी, एक नारळाचं झाड. ऐरोलीत खाडीकाठी राहणारं मूलही हेच काढतं, आणि कळव्याच्या चाळीतलंही. ते रागावून मोडत नाही, प्रश्नांनी मोडतं. तुमच्या खिडकीतून काय दिसतं? समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी काळी की निळी? दोरीवर काय वाळतंय, त्याला चिमटे आहेत का? आई मासे घ्यायला बसते तेव्हा कोळीण पाटावर, की पाटीशेजारी जमिनीवर? असे पाच-सहा प्रश्न, उत्तरं तोंडी, फळ्यावर एकही रेघ नाही. मग कागद द्यायचा. फळ्यावर गुरुजींनी टाकी काढली, की ४५ कागदांवर तीच टाकी येते.

या वाटेनं जाणारा एक माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. देवी प्रसाद. शांतिनिकेतनात शिकले आणि १९४४ मध्ये वर्ध्याजवळ सेवाग्रामला, नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकवण्याच्या पद्धतीच्या, शाळेत कलाशिक्षक म्हणून आले. सूत कातणारी, शेतात राबणारी मुलं, आणि त्यांच्या दिवसाचा चित्रकला हा एक भाग. स्वतः मातीकाम करणारे, चाकावर बसणारे असल्यानं शिक्षक आणि कलावंत असे त्यांचे दोन तुकडे कधी पडले नाहीत.

आपल्याकडे हे तुकडे पडतात. शिक्षक रोजचा, कलावंत एका दिवसाचा. त्याचे फोटो निघतात, शाल-श्रीफळ होतं, मुलं टाळ्या वाजवतात. कलावंतमंडळी ऐकत असतील तर त्यांना विनंती आहे: एकाच शाळेत, एकाच वर्गात, सहा वेळा या. पहिल्या खेपेला काही शिकवू नका. मागच्या बाकावर बसा, नळ कुठे आहे ते बघा, मुलांची नावं ऐका. मग चार जोडतास काम. सहाव्या खेपेला मुलं बोलतील, तुम्ही ऐका. आणि वर्गशिक्षकांना खोलीबाहेर जाऊ देऊ नका. तुम्ही गेल्यावर पुढं चालवायचं त्यांनाच आहे.

वारलीच्या बाबतीत तर हे फारच लागू आहे. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. तोवर वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचा कळंबीपाडा ठाणे जिल्ह्यातलाच. ही चित्रं मुळात लग्नघरी बायकांनी भिंतीवर लिहायची, मधल्या चौकोनात, म्हणजे चौकात, पालघाट ही देवी. म्हसे यांनी ती कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज शाळाशाळांच्या कुंपणावर त्रिकोणी माणसांची साखळी दिसते. ती वाईट नाही, पण दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की वारली झाली, इतकंच मुलं शिकतात. येऊरच्या पाड्यांवर वारली कुटुंबं राहतात, म्हणजे आपल्या वर्गात वारली मूलही असू शकतं. त्याच्या घरच्या माणसाला मानधन देऊन बोलवा. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती नाचताना फेरा कसा वळतो, कोण कुणाचा हात धरतं, लग्नचौक कधी लिहितात आणि उगाच का लिहीत नाहीत, हे त्यांच्याकडून ऐकावं. तांदळाच्या पिठाचा पांढरा आणि टोक ठेचलेली बांबूची काडी वर्गात सहज जमते. फक्त पीठ डिंकात कालवा, नुसत्या पाण्यात कालवलेलं वाळल्यावर झडतं. आणि ही चित्रं पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलीत, तर बुरशीला आयतं जेवण.

भिंतीविषयी आणखी थोडं. आपली हवा खारट आणि दमट. पोपडे धरणारी भिंत रंगवणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी फूटभर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा आणि २४ तास थांबा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर ती भिंत सोडा, किंवा गळती आधी शोधा. हात घालायचा तो दिवाळीनंतर. खरवडा, धुवा, चांगली वाळू द्या, प्रायमर मारा आणि मगच बाहेरच्या भिंतीचा अॅक्रेलिक इमल्शन. एका लिटरात साधारण १०० चौरस फुटांचा एक हात होतो; दहा फूट उंच आणि वीस फूट लांब भिंतीला दोन हातांसाठी चार लिटर धरा. चित्र मोठं करताना लहान कागदावर दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन आखा, भिंतीवर खडूच्या दोरीनं एक-एक फुटाचे, आणि एकेक चौकोन उतरवा. मुलांचा भाग चार फुटांपर्यंत. वरचा मोठ्यांचा. शिडीवर मूल चढवायचं नाही, फोटो कितीही छान येत असला तरी.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांबद्दल माझं मत जरा दुहेरी आहे. कला संचालनालयाच्या या परीक्षांमुळेच कित्येक शाळांत चित्रकला टिकली, हे मान्यच करावं लागेल. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीत ७ वाढीव गुण, ब ला ५, क ला ३. हे सांगितलं की पालकांचा विरोध मावळतो. पण स्मरणचित्राची तयारी छापील नमुन्यांवरून करून घेतली, की फुगेवाला सगळ्यांचा एकच, त्याच्या फुग्यांची संख्याही एकच. वस्तुचित्र आणि अक्षरलेखनाला सराव हवा. स्मरणचित्राला मात्र वर सांगितलेले प्रश्नच उपयोगी पडतात.

शेवटी सामान. कार्ट्रिज कागदाचा मोठा ताव २२ बाय ३० इंचांचा. त्याचे चार तुकडे केले की ११ बाय १५. ४५ मुलांना बारा ताव पुरतात, तीन तुकडे चुकलेल्यांसाठी उरतात. दर आठवड्याला चांगला कागद नको. कच्चं काम पाठकोऱ्या कागदावर. पाण्यासाठी श्रीखंडाचे रिकामे डबे, दोघांत एक, आणि निम्मेच भरलेले, कारण भरलेला डबा सांडतोच. एक बादली स्वच्छ पाण्याची, एक घाण पाण्याची, दोन्ही दाराशी.

पावसाळ्यात चित्र त्याच दिवशी वाळत नाही. वर्गात तीन आडव्या दोऱ्या बांधा, एका कागदाला फूटभर जागा सोडून चिमटे लावा. जाड रंग असेल तर टांगू नका, ओघळतो. तो बाकांवर आडवा वाळवा. ओले कागद एकावर एक ठेवले तर सकाळी वीट मिळेल.

आणि विकतच्या पोस्टर कलरच्या बाटल्या दोन जोडतासांत संपतात, म्हणून घरचा रंग. गेरू, पिवळी माती, खडूची भुकटी, नीळ, काजळी. रांगोळी घेऊ नका, ती भरड असते, कागद धरत नाही. चुना तर अजिबात नको, डोळ्यात गेला तर भाजतो. भुकटी आधी पाण्यानं ओली करून घ्या, म्हणजे उडत नाही, आणि हे काम मुलं येण्याआधी शिक्षकांनीच करायचं. चार चमचे भुकटीला एक चमचा डिंकाचं पाणी घालून कागदावर एक पट्टा ओढा. वाळल्यावर बोट फिरवा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडलाय. पट्टा चकाकतोय आणि कागद वाकवल्यावर तडकतोय, तर जास्त झालाय.

डिंक बाभळीचा, १०० ग्रॅमला २०० मिलीलिटर गरम पाणी. उद्या जोडतास असेल तर आज रात्रीच भिजत घाला. सकाळी जुन्या सुती फडक्यातून गाळा, नाहीतर त्यातली साल ब्रशात अडकते, आणि बाटलीत चार-पाच थेंब लवंगेचं तेल टाका, म्हणजे आठवडाभर वास यायचा नाही. नमस्कार.