लंबकाची दोरी आणि वहीतला अंदाज

उंच दांडीला बांधलेली एक मीटर लांबीची दोरी, तिच्या टोकाला लोखंडी नट आणि हातात स्टॉपवॉच. प्राथमिक वर्गातल्या या तासाला एवढेच साहित्य पुरते. झोके मंद करायचे असतील तर काय बदलावे लागेल, असे शिक्षिका विचारतात आणि उत्तर देण्याआधी प्रत्येकाला आपला अंदाज कारणासह वहीत लिहायला लावतात. बहुतेकांचा संशय वजनावर असतो. एक गट जड नट लावतो, पण त्याच वेळी दोरीही लांब घेतो. झोके मंदावतात आणि श्रेय वजनाला मिळते. शिक्षिका चूक दाखवत नाहीत, ‘दोरी तेवढीच ठेवली असती तर?’ एवढेच विचारतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे मुलांना आपोआप सुचेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. झे चेन आणि डेव्हिड क्लार यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात ते दहा वर्षांच्या मुलांना उतार, स्प्रिंग आणि पाण्यात बुडणाऱ्या वस्तू देऊन प्रयोग करायला सांगितले होते. ज्यांना या पद्धतीमागचे कारण उदाहरणांसह समजावून दिले आणि सोबत प्रश्नही विचारले, त्यांनी ती उत्तम आत्मसात केली. नुसत्या प्रश्नांनी तेवढे साधले नाही. तयार संच उघडून सूचनांबरहुकूम पूल जोडणे हाही स्टेमचा (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या एकत्रित शिक्षणाचा) तास म्हणवला जातो. त्यात हात गुंततात, पण ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची वेळ क्वचितच येते.

दोरी तेवढीच ठेवून नट बदलल्यावर दहा झोक्यांना, म्हणजे दहा वेळा जाऊन परत येण्याला, पुन्हा सुमारे २० सेकंदच लागतात. एका गटाला १९ मिळाले, दुसऱ्याला २१, तेव्हा वाद होतो. घड्याळ दाबायला होणारा उशीर दहा झोक्यांत वाटला जातो, म्हणून एकच झोका मोजायचा नसतो, हे त्या वादातूनच पुढे येते.

मग दोरी निम्मी होते. वेळही निम्मा होईल, असे वहीत लिहिलेले असते. घड्याळ १४ सेकंद दाखवते. मोजणीत चूक झाली असावी म्हणून मुले पुन्हा मोजतात, पुन्हा १४. शेवटी १० सेकंद नेमके कोणत्या लांबीला मिळतात हे पाहण्यासाठी ती दोरी थोडी थोडी गुंडाळत जातात आणि पंचवीस सेंटिमीटरपाशी थांबतात.