डझन कुठाय?

नमस्कार श्रोतेहो. चहा ठेवला असेल तर गॅस बारीक करा आणि जरा इकडे लक्ष द्या, कारण आजचं बोलणं तुमच्या आमच्या सगळ्यांच्या खिशातल्या मोबाईलबद्दल आहे. मोबाईलमध्ये ॲप असतं, त्या ॲपच्या कंपनीकडे आपण एखादी साधीशी गोष्ट मागतो आणि मिळतं काय, तर 'आपली विनंती नोंदवली आहे'. बास. हे वाक्य ज्याला आलं नाही असा माणूस आता गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत सापडायचा नाही. मला विषय दिलाय तो 'कंपन्या ग्राहकांच्या मागण्या लांबणीवर का टाकतात' असा आहे, पण मी आधी काकांची गोष्ट सांगणार. ती सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सुचणारच नाही.

तर आमचे काका. पावसच्या पुढे त्यांची ऐंशी-पंच्याऐंशी कलमं आहेत, सगळी हापूस. वाशीला दलालाकडे माल जातोच, त्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, येते, पण गेली कित्येक वर्षं काकांची पुण्यातली अशी तीस-चाळीस घरंही बांधलेली आहेत ज्यांना पेटी थेट जाते. हिशेब लाल कापडाच्या वहीत. दोन वर्षांपूर्वी पाडव्याला नातू घरी आला आणि म्हणाला आजोबा ही वही काय घेऊन बसलात, आणि त्याने फोनमध्ये बिलाचं एक ॲप टाकून दिलं. गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं, माल टाकायचा, बिल आपोआप व्हॉट्सॲपवर जातं, पैसे आले की टिक करायचं. काका खूश. पहिलं बिल करायला बसले तर ॲप विचारतं, युनिट निवडा. किलो, ग्रॅम, लिटर, मीटर, नग, बॉक्स.

डझन कुठाय?

डझन नव्हताच. आता तुम्हाला सांगायला नको, पेटी म्हणजे काय ठरलेला आकडा नाही, फळ केवढं त्यावर चार डझनाची असते, पाच डझनाची असते, सात-आठ डझनाची असते, आणि भाव बोलायचा तो डझनावरच. त्यामुळे 'बॉक्स' चालत नाही. आणि किलोवर काका विकणार नाहीत, मेले तरी. मीही त्याच मताचा आहे हे सांगून टाकतो. आंबा काय कांदा आहे तराजूत ओतायला? मोजताना एकेक फळ हातात येतं, देठ बघता येतो, डाग दिसतो, नरम पडलेलं बाजूला निघतं. किलोची पद्धत आली की फळ बघायचंच बंद होतं, आणि मग त्या ढिगात बाहेरचा आंबा कधी मिसळला ते कळत पण नाही. २०१८ साली कोकणच्या हापूसला जीआय मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव इथल्याच आंब्याला लावायचं असं ठरलं, छान झालं, पण रस्त्याकडेच्या खोक्यावर 'देवगड' छापायला कोणाला कोण विचारतं? असो. हा वेगळा विषय आहे, त्यावर एकदा अख्खा अर्धा तास द्या मला.

तर डझन नाही म्हटल्यावर नातू म्हणाला आजोबा 'नग' घ्या, पाच डझनाची पेटी म्हणजे ६० नग. भाव होता १००० रुपये डझन. म्हणजे नगाला किती? हजार भागिले बारा, ८३ रुपये ३३ पैसे आणि पुढे तीन तीन तीन शेवटच नाही. ॲप घेतं फक्त दोन आकडे. ६० गुणिले ८३.३३ केले की होतात ४९९९ रुपये ८० पैसे. आणि पुण्याच्या माणसाने मोबाईलवरून बरोबर तेवढेच पाठवले हो, ४९९९ रुपये ८० पैसे! काका म्हणाले, हे काय झेंगट लावलंस रे, लोक म्हणतील म्हातारा बाटाच्या दुकानासारखा भाव लावायला लागला.

मग काकांनी स्वतःच डोकं लावलं. ८३.३३ च्या जागी ८३.३४ टाकलं. बिल झालं ५००० रुपये ४० पैसे. गिऱ्हाईक समजूतदार, त्याने सरळ ५००० पाठवले, काकांनी टिक केलं, विषय संपला असं काकांना वाटलं.

ॲपला तसं वाटलं नाही. ॲपच्या लेखी ४० पैसे बाकी. आणि त्या ॲपमध्ये एक सोय होती जी मात्र न मागता मिळालेली होती, ती म्हणजे बाकी राहिली की दर तीन दिवसांनी गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज. काकांना याचा पत्ताच नाही, ते बागेत आंबे उतरवायचा झेला घेऊन गड्यांच्या मागे. नऊ-दहा दिवसांनी फोन वाजला. सदाशिव पेठेतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, तीस वर्षांचं गिऱ्हाईक, काकू गेल्या तेव्हा भेटायला पावसपर्यंत आलेल्या बाई. अगदी शांत आवाजात म्हणाल्या, 'आपला तिसरा स्मरणसंदेश मिळाला. थकबाकी ४० पैसे आहे असं त्यात म्हटलंय. मी आजवर कोणाची थकबाकीदार नव्हते.'

काका सांगतात की त्या दुपारी त्यांना ओसरीवर बसायला लागलं. पाणी मागितलं त्यांनी. बाईंना काय सांगणार, की डझन नाही म्हणून? 'बाई, माझ्या ॲपात डझन नाही हो' असं खरंच म्हणाले ते, आणि पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही, आणि मग बाई हसायला लागल्या. त्या संध्याकाळी बाईंकडून ४० पैसे जमा झाले, खाली लिहिलेलं, 'थकबाकी चुकती. पावती पाठवावी.' तो मेसेज काकांनी अजून पुसलेला नाही, येईल त्याला दाखवतात. मला चार वेळा दाखवलाय.

त्यानंतर काकांनी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं दोन मिनिटांत, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पंधरा दिवसांनी परत लिहिलं. विनंती संबंधित टीमकडे पाठवली आहे. मग नातवाने त्यांना ते ॲप वापरणाऱ्या इकडच्या लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं, तर तिथे सगळे असेच पोळलेले. बागायतदारांना डझन हवा. हर्णैकडची एक मासळीवाली होती तिला 'वाटा' हवा होता, आता वाटा कसा देणार हो कंपनी, वाटा म्हणजे हाताचा अंदाज आणि गिऱ्हाइकाचं तोंड, पण तिचंही खरं होतं, ती विकते वाट्यावर. रोज सकाळी कोणीतरी टाकायचं, 'आलं का?' आणि खाली सगळे, 'नाय'. 'नाय'. 'नाय'. मधे एखादा गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकणार. या फुलांचं काहीतरी केलं पाहिजे, माझा निम्मा फोन त्यानेच भरतो.

आणि भर एप्रिलात अपडेट आलं. ग्रुपवर जल्लोष! काकांनी चष्मा लावून उघडलं, तर बटणं चौकोनी होती ती गोल झाली होती आणि निळ्याचा जांभळा रंग झाला होता. युनिटच्या यादीत किलो, ग्रॅम, लिटर, मीटर, नग, बॉक्स. त्या दिवशी ग्रुपवर लोकांनी जे लिहिलं ते आकाशवाणीवर वाचता येणार नाही.

आता माझा वेळ बघता बघता निम्मा संपलाय, तेव्हा 'का होतं असं' ते पटकन सांगतो. ग्रुपमध्येच आपल्याकडचा एक मुलगा होता, बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्याने समजावलं. यादीत एक शब्द वाढवणं ही दहा मिनिटांची गोष्ट. पण डझन आला की भाव डझनावर, साठा नगावर, जुनी बिलं नगात, ती सगळी जुळली पाहिजेत, आणि एक ठिकाणी हात लावला की दुसरीकडे काय फाटेल सांगता येत नाही, म्हणून तपासायलाच जास्त दिवस. दुसरं म्हणजे कंपनीचं काम तीन-तीन महिन्यांचं आखलेलं असतं. आपण ओरडतो एप्रिलात, तेव्हा जूनपर्यंतचं काम मार्चमध्येच ठरलेलं. जुलैत त्यांना सवड होते तेव्हा आपण गप्प, कारण आंबाच संपलेला. त्यांना वाटतं मागणी थंडावली. मग परत एप्रिल. पुन्हा सांगतो, नीट ऐका, आपण हंगामात ओरडतो आणि त्यांना सवड होते हंगामानंतर. म्हणून मागणी करायची ती गणपती झाले की करायची, मोहोर यायच्या आधी.

मोठ्या कंपन्याही काही वेगळ्या नाहीत. आयफोन आला २००७ मध्ये, त्यात कॉपी-पेस्ट आलं २००९ मध्ये. व्हॉट्सॲप २००९ चं, आणि पाठवलेला मेसेज दुरुस्त करायची सोय आली २०२३ च्या मेमध्ये, तोवर चौदा वर्षं आपण चुकीचं लिहून खाली फुलीसारखं चिन्ह टाकून बरोबर लिहीत बसलो. उशीर झाला तर माणूस समजून घेतो. आपण कोकणातले, आपल्याला मुंबई-गोवा हायवेने वाट बघायचं शिक्षण पुरेपूर दिलंय, २०११ साली चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा शाळेत जाणारी पोरं आता त्याच रस्त्यावर गाड्या चालवतायत. राग उशिराचा नसतो. राग त्या 'नोंदवली आहे' चा असतो. हो म्हणायचं नाही, नाही पण म्हणायचं नाही. आमचा सुतारसुद्धा 'उद्या येतो' म्हणतो, पण निदान तो बाजारात भेटला की मान खाली घालतो. कंपनी बाजारात भेटतच नाही. तारीख द्या, नाहीतर सरळ नाही म्हणा. तारीख द्या, नाहीतर नाही म्हणा, म्हणजे माणूस दुसरं ॲप बघेल किंवा वही काढेल.

आणि गंमत बघा, सरकारच्या जीएसटीच्या बिलात मोजमापाची जी ठरलेली यादी आहे तिच्यात डझन आहे. सरकारला सुचलं!

आपल्या हातात काय ते दोन वाक्यांत. एका पत्रात एकच मागणी लिहा, आणि नुसतं 'चालत नाही' असं न लिहिता काय टाकलं, काय आलं, काय यायला हवं होतं ते आकड्यांसकट, स्क्रीनच्या फोटोसकट लिहा. आणि आपला हिशेब त्यांच्या घरात अडकू देऊ नका, महिन्याला एकदा एक्सेलमध्ये उतरवून घ्या. महिन्याला एकदा. उतरवता येत नसेल ते ॲप घेऊच नका.

काकांचा डझन आला शेवटी. या जुलैत. बाहेर धो धो पाऊस, होड्या शाकारून वर ओढलेल्या, झाडावर औषधालाही आंबा नाही, आणि युनिटच्या यादीत 'डझन'. काकांनी तो दोनदा दाबून बघितला, मग विकायला काय आहे म्हणून पाहिलं तर फक्त नारळ. आणि नारळ जातो शेकड्यावर. नातू लगेच फोन घेऊन बसला, म्हणाला आजोबा लिहू का कंपनीला, शेकडा पण द्या म्हणून? काका म्हणाले, नको रे बाबा. नगच बरा. शंभराला भाग जातो.

काचेपलीकडून हात दिसतोय, वेळ झाली. नमस्कार.