डुलाली म्हणजे आपली देवळालीच की!

नमस्कार मंडळी, ठाण्याहून बोलतेय. माझा भाचा घोडबंदर रोडला एका ऑफिसात कामाला, क्लायंट सगळे लंडनचे. परवा कॉलवर तिकडचा एक जण वैतागून म्हणाला, आमचा प्रिंटर डुलाली झालाय. भाच्याला वाटलं नवीन मॉडेल असेल, पठ्ठ्याने तसं लिहूनसुद्धा घेतलं! रात्री मला विचारतो, मावशी, डुलाली म्हणजे काय गं? म्हटलं अरे, पंचवटीने जाताना नाशिकरोडच्या आधी काय लागतं? देवळाली. तीच ही, गोऱ्यांच्या तोंडात जाऊन आलेली.

तर 1861 साली इंग्रजांनी देवळालीत लष्करी कॅम्प काढला. नोकरीची वर्षं भरलेले सोल्जर मुंबईहून बोटीने मायदेशी जायचे, तोवर त्यांना इथे आणून ठेवायचे. पण ह्या बोटी सुटायच्या साधारण नोव्हेंबर ते मार्च, मग ज्याची मुदत एप्रिलात संपली तो बसला ना अडकून, अख्खा उन्हाळा, वर पावसाळा, हाताला काम नाही, मन केव्हाच घरी पोचलेलं नि बोटीचा पत्ता नाही, त्यात मलेरिया आणि दारू. काहींची डोकी खरंच फिरली. असं कोणी बरळायला लागलं की बाकीचे म्हणायचे, ह्याला 'डुलाली टॅप' झालाय.

हा टॅप नळाचा नाही हं, हा आपला ताप! डोक्याला ताप म्हणतो ना आपण, तोच. पुढे ताप उतरला, नुसती डुलाली राहिली, आता विलायतेत माणूस सोडा, वॉशिंग मशीनसुद्धा डुलाली होते. आणि देवळालीची हवा तर इतकी छान की मुंबईकर तिथे हवापालटाला जायचे! गावाचा बिचाऱ्याचा काय दोष?

मी हे हसत हसत सांगतेय तर भाचा म्हणतो, मावशी, आपलं तरी काय वेगळं? खरंय की. आपल्याकडे 1901 पासून मनोरुग्णालय, त्यामुळे मुंबईत कोणी जरा विचित्र वागलं की लगेच, 'ह्याला ठाण्याला पाठवा रे'. लग्नात कोणी विचारलं कुठून आलात आणि मी ठाण्याहून म्हटलं की समोरचा गालातल्या गालात हसायचा, फार राग यायचा मला. पुण्याचे लोक त्यासाठी येरवड्याचं नाव घेतात, तेवढाच दिलासा.

दुसऱ्या दिवशी भाच्याने क्लायंटला सांगितलं, तुमचा प्रिंटर जिथे गेलाय ना, ते गाव माझ्या घरापासून ट्रेनने अडीच-तीन तासांवर आहे. तिकडून म्हणे बराच वेळ आवाजच आला नाही.