भीती आईच्या पोटातून येते का?

श्रोतेहो, नमस्कार. घार डोक्यावर आली की कोंबडी एक वेगळाच आवाज काढते आणि पिल्लं जागच्या जागी दबतात. खानापूर, चंदगडकडच्या कुठल्याही परसात हे दिसतं. त्यावरून आपण म्हणतो, भीती रक्तातच असते. खरंच तसं आहे का?

अमेरिकेत १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांनी यावर फार सुंदर काम केलं. प्रयोगशाळेतच जन्मलेली माकडं त्यांनी घेतली. त्यांच्यासमोर साप ठेवला तर ती जवळपास घाबरतच नव्हती! मग त्यांना रानात वाढलेली माकडं सापापुढे भेदरताना दाखवली. थोड्याच वेळात यांनाही सापाची धास्ती बसली, आणि ती टिकली. म्हणजे भीती शिकलेली? थांबा. पुढे व्हिडिओचे तुकडे जोडून प्रयोगशाळेतल्या माकडांना असं दाखवलं, की माकड फुलाला पाहून भेदरतंय. फुलाची भीती मात्र कुणी शिकलं नाही. खोट्या मगरीची शिकले, खेळण्यातल्या सशाची नाही.

मला हे फार मोलाचं वाटतं. भीती तयार होऊन येत नाही, पण कशाची भीती चटकन शिकायची, याची तयारी पिढ्यानपिढ्या येत असावी. 'जन्मजात की शिकलेली' हा प्रश्नच त्यामुळे अपुरा पडतो.

आणखी एक गोष्ट. ज्या माकडांनी आधी सापाजवळ निवांत बसलेली माकडं पाहिली होती, त्यांच्यातल्या बहुतेकांना नंतर भेदरलेलं माकड पाहूनही सापाची भीती बसली नाही.

आता माणूस म्हणजे माकड नव्हे, हे मान्य. तरी पावसाळ्यात भाताच्या बांधावर धामण दिसली की आपण काय करतो? ओरडतो, काठी घेऊन धावतो, आणि शेजारी उभं पोर सगळं बघत असतं. धामण बिनविषारी आहे, उंदीर खाऊन आपलंच धान राखते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यापासून लांब राहायलाच हवं, पोरांना तेही शिकवायला हवं. पण पोराचा हात धरून चार पावलं मागं सरा, शांतपणे सांगा, "ही धामण, जाऊ दे तिला." काठी घरातच राहू द्या.