मुसळ नव्हे, बॅट

(वेंगुर्ल्यातल्या एका हिवाळी व्याख्यानमालेत निवृत्त क्रीडाशिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. टेबलावरच्या बॅटींना मात्र आत्ता हात लावू नका. शेवटी त्यांचंच काम आहे.

विषय काय, असं विचारायला आयोजकांचा फोन आला तेव्हा मी 'बेसबॉलची बॅट' म्हणालो. पलीकडे जरा शांतता झाली. मग ते म्हणाले, "सर, गेल्या वर्षी दशावतारावर होतं..." म्हणजे काय ते मला कळलं. आपल्याकडे ही बॅट लोकांनी दोनच ठिकाणी पाहिलेली असते, एक सिनेमात आणि दुसरी कुणाच्या तरी गाडीत ड्रायव्हरच्या सीटखाली. पण शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आहे, सॉफ्टबॉल आहे, आणि दहावी-बारावीच्या खेळाच्या वाढीव गुणांमुळे पालकांना या खेळांची आठवण साधारण जूनमध्ये होतेच. मी ज्या शाळेत होतो तिथेही संघ असाच सुरू झाला. गुणांसाठी आलेली पोरं खेळासाठी थांबली, हा नंतरचा भाग.

सुरुवात माझ्या फजितीने करतो. संघासाठी पहिली लाकडी बॅट मी शहरातल्या एका दुकानातून मागवली. चकचकीत, वर लाल पट्टा. पहिल्याच सरावात एका मुलाने चेंडू मारला आणि बॅट मुठीच्या वर वीतभर अंतरावर तिरकी चिरली. पुढचा तुकडा तिसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे धावताना गाठायच्या तिसऱ्या खुणेपर्यंत, उडाला. कुणाला लागला नाही, हे नशीब. मुलगा रडवेला झाला, त्याला वाटलं आपणच मोडली. ते दोन्ही तुकडे पिशवीत घालून मी सावंतवाडीला गेलो. तिथे लाकडी खेळणी करणारे एक जुने कातारी माझ्या ओळखीचे. लेथवर गोल लाकूड उतरवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी तुकडा हातात घेतला, अंगठ्याने रेषेवरून सावकाश वरून खाली पुसल्यासारखं केलं आणि म्हणाले, "सर, ह्येची रेष बघा खंय गेलीहा ती. ह्या मोडतलाच!" लाकडाची रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ जायला हवी होती. ती मध्येच तिरकी होऊन बाजूला बाहेर पडत होती, आणि चिरही तिथेच गेली होती. रंगाने ते झाकलं होतं, एवढंच.

गंमत अशी, की त्या कातारी काकांनी अंगठ्याने जे पाहिलं तेच बघायला अमेरिकेतल्या मोठ्या साखळीला, मेजर लीगला, अभ्यास करावा लागला. 2008 मध्ये तिथे मेपल नावाच्या झाडाच्या लाकडाच्या बॅटी इतक्या फुटू लागल्या की तुकडे प्रेक्षकांपर्यंत उडायचे. तेव्हापासून मेपलच्या बॅटीच्या मुठीवर शाईचा एक थेंब टाकतात. शाई लाकडाच्या रेषेने पसरते, त्यामुळे रेषा सरळ आहे की कललेली हे डोळ्यांना दिसतं. तीन अंशांपेक्षा जास्त कललेली बॅट चालत नाही. तेव्हा पालकहो, लाकडी बॅट घेताना रंग बघू नका. रेषा दिसत नसेल इतका रंग असेल तर ती बॅट दुकानदाराकडेच राहू द्या.

आता ही बॅट असते कशी? मोठ्यांच्या व्यावसायिक खेळात ती एकसंध लाकडाची, जास्तीत जास्त 42 इंच लांब आणि सगळ्यात जाड जागी 2.61 इंच व्यासाची असावी लागते. क्रिकेटची बॅट 38 इंचांपर्यंत लांब आणि सव्वाचार इंच रुंद असू शकते. शिवाय तिची एक बाजू सपाट. बेसबॉलची बॅट गोल, मुसळासारखी. गोल चेंडू गोल दांड्याने मारायचा, म्हणजे दोन नारळ एकमेकांवर आपटून हवं त्या दिशेला उडवण्यासारखं आहे. केसभर खाली लागला तर चेंडू आकाशात, केसभर वर लागला तर मातीत. आणि वेळ किती? गोलंदाज, म्हणजे पिचर, 60 फूट 6 इंचांवर उभा. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू सेकंदाच्या साधारण चार दशांशात तुमच्यापर्यंत येतो. त्यातला बराचसा वेळ चेंडू ओळखण्यातच जातो. बॅट फिरवायला उरतो तो डोळ्याची पापणी लवण्याइतका.

म्हणून बॅट निवडताना पहिला प्रश्न 'किती जड?' हा नसून 'किती लवकर येते?' हा असतो. आमच्या मुलांना हे पटवताना माझी हयात गेली. टेनिस बॉलच्या स्पर्धा बघून वाढलेली पोरं, त्यांना वाटतं की जड बॅट म्हणजे लांब षटकार. एका मुलीच्या वडिलांनी हौसेने तिला 34 इंची बॅट आणून दिली. मुलगी आठवीतली, अंगाने काडी. बॅट खांद्यावर घेतली की ती स्वतःच मागे झुकायची. चेंडू यष्टीरक्षकाच्या, म्हणजे कॅचरच्या, हातात जायचा आणि मग हिची बॅट यायची. वडील बाहेरून ओरडत, "जोर लाव!" जोर ती लावतच होती, फक्त चेंडू गेल्यावर. दुसऱ्या दिवशी मी तिला चार इंच लहान, हलकी बॅट दिली. वडिलांना वाईट वाटलं. मुलीला नाही वाटलं.

घरी करून बघण्याजोगी एक परीक्षा सांगतो. बॅट एका हातात मुठीशी धरा, हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ करा आणि वीस-तीस सेकंद थांबा. हात थरथरून खाली यायला लागला तर बॅट तुमच्यासाठी जड. लांबीसाठी बॅटीचा गोळा, मुठीच्या टोकाला असतो तो, छातीच्या मधोमध टेकवा आणि बॅट समोर धरा. हात लांब केल्यावर बोटांची टोकं बॅटीच्या जाड टोकापर्यंत आरामात पोचली पाहिजेत. तिसरी गंमत: तीच बॅट उलटी, जाड बाजूने धरून फिरवा. एकदम हलकी वाटेल. काट्यावर वजन तेच, पण वजन कुठे आहे त्यावर फिरवताना लागणारा जोर बदलतो. म्हणून नुसतं 'आठशे ग्रॅम' म्हणून काही कळत नाही. बॅट फिरवल्याशिवाय घेऊ नये.

बॅटीवर 'उणे 3', 'उणे 10' असे आकडे असतात, त्यांनी लोक गोंधळतात. हिशोब साधा आहे. लांबी इंचात, वजन औंसात, आणि दोन्हीतला फरक. 33 इंची बॅट उणे 3 ची, म्हणजे 30 औंस, साधारण साडेआठशे ग्रॅम. 30 इंची उणे 10 ची, म्हणजे 20 औंस, पावणेसहाशे ग्रॅमच्या आत. लहान मुलांना उणे 10 च्या आसपासचं द्यावं. अमेरिकेत कॉलेजची मुलं धातूच्या बॅटी वापरतात, पण त्यांना उणे 3 पेक्षा हलकी चालत नाही. धातूची पोकळ भिंत चेंडू लागला की किंचित आत दबते आणि उसळी मारते, खाटेच्या नवारीसारखी. त्यामुळे चेंडू इतक्या वेगाने यायचा की पिचरच्या जिवाला धोका. म्हणून 2011 पासून त्या बॅटी लाकडाच्या जवळपास आणणारा नियम केला. धातूच्या बॅटीचा नाद क्रिकेटलाही लागला होता. 1979 मध्ये पर्थला डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, चेंडू खराब होतो म्हणून भांडण झालं, आणि पुढे क्रिकेटने बॅट लाकडाचीच असा नियम केला.

आपल्या किनाऱ्यावर लाकूड की धातू? माझं मत स्पष्ट आहे, शाळेला धातूचीच घ्या. आपला पाऊस माहीत आहे ना! जून ते सप्टेंबर लाकूड हवेतलं पाणी पितं. आमच्या कपाटातल्या लाकडी बॅटींवर श्रावणात हिरवी बुरशी असायची आणि त्या हाताला जड लागायच्या. इचिरो सुझुकी नावाचा जपानी खेळाडू होता, तो बॅटी दमटपणा दूर ठेवणाऱ्या खास पेटीत ठेवायचा. आम्ही तांदळाच्या पिंपात ठेवून पाहिल्या. तांदूळ जरा वॉर्निशसारखे लागले, इतकंच.

(हशा)

आता मोठे फटके मारणाऱ्यांबद्दल. सुरुवात बेब रूथपासूनच करावी लागते. 1927 साली एका हंगामात 60 होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे मैदानाबाहेर जाणारे फटके, आणि कारकिर्दीत 714. त्याची बॅट हिकरीच्या लाकडाची, 40 औंसांच्या वर, म्हणजे सव्वाअकराशे ग्रॅमहून जास्त. आपल्या तेंडुलकरची क्रिकेटची बॅटही तीन पौंडांच्या आसपास, जडच म्हणायची. त्यामुळे जड बॅटवाला वाईट असं मी म्हणत नाही. पण रूथच्या काळात चेंडू आजच्यासारखे यायचे नाहीत. आज मोठमोठे फटकेबाज 31 ते 33 औंसांत भागवतात. हे वळण ज्याच्यामुळे ठळक दिसलं तो टेड विल्यम्स, 1941 मध्ये .406 सरासरीने, म्हणजे हजार संधींत 406 यशस्वी फटके या हिशोबाने, खेळलेला. हलकी बॅट, चपळ मनगट. त्याच्याबद्दल सांगतात की बॅट बनवणाऱ्यांनी त्याच्यापुढे सहा बॅटी ठेवल्या, पाच सारख्या आणि एक फक्त अर्धा औंस जड. त्याने न बघता ती बाजूला काढली. अर्धा औंस म्हणजे चौदा ग्रॅम हो!

पण माझा आवडता हँक ॲरन. अलाबामातल्या मोबील गावचा कृष्णवर्णीय मुलगा, घरची गरिबी. लहानपणी काठीने बाटल्यांची बुचं मारायचा. विटीदांडू खेळलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. छोटी, वेडीवाकडी येणारी वस्तू दांड्याने मारायची, नजर आपोआप तयार होते. सुरुवातीला तर तो हात उलटे धरायचा, उजवा खाली आणि डावा वर, आणि तसाच मारायचा. नंतर हात सुधारले. अंगाने फार आडदांड नव्हे. एका हंगामात कधीही 50 होम रन केले नाहीत, सगळ्यात जास्त 47. पण तेवीस हंगाम मारतच राहिला. 8 एप्रिल 1974 ला अटलांटात त्याने 715 वा मारून रूथला मागे टाकलं. त्याआधी कित्येक महिने त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती, एका काळ्या माणसाने रूथचा विक्रम मोडू नये म्हणून. तो 755 वर थांबला.

त्याच्याही पुढे जपानचा सादाहारू ओ, 868. 1961 च्या हंगामात याचे होम रन 13. बॅट चेंडूवर उशिरा यायची, म्हणजे आमच्या त्या मुलीचंच दुखणं. त्याचे प्रशिक्षक अराकावा यांनी त्याला पुढचा पाय उचलून एका पायावर उभं राहायला लावलं, बगळ्यासारखं. शिवाय टांगलेली कागदाची पट्टी तलवारीने कापायचा सराव. पुढच्या हंगामात 38, आणि 1964 ला 55. वजन वाढवून हे झालं नाही, बॅट वेळेवर यायला लागली म्हणून झालं.

बॅरी बाँड्सचे 2001 मधले 73 मी मुद्दाम वेगळे ठेवतो. त्याच्या फटक्यांमुळे मेपलची बॅट घरोघर पोचली, आणि त्याच्या नावाभोवती उत्तेजकांचा वादही राहिला. दोन्ही खरं. त्यावर आज बोलत बसलो तर रात्र होईल.

अगदी ताजी गोष्ट 2025 ची. 29 मार्चला न्यूयॉर्क यँकीज या संघाने एका सामन्यात नऊ होम रन मारले, 20-9 असे जिंकले. काही खेळाडूंच्या बॅटी विचित्र होत्या, टोकाकडे निमुळत्या आणि मधे फुगीर. पाणबुडीतून सोडतात त्या टॉर्पेडोसारख्या, म्हणून नावही तेच. एका भौतिकशास्त्रज्ञाची कल्पना: ज्या जागी खेळाडूचा चेंडू लागतो तिथेच लाकूड जास्त ठेवायचं. नियमात बसणारी. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना तीच बॅट हवी. आणि त्या नऊपैकी तीन कुणी मारले? ॲरन जज, 2022 मध्ये 62 मारलेला तोच. त्याच्या हातात नेहमीचीच जुनी बॅट होती.

बरं, आता टेबलाकडे. सहा बॅटी आहेत, शाळेच्या किटमधल्या, एकाच लांबीच्या आणि एकाच वजनाच्या. फक्त एकीला मी पट्टीखाली पागाच्या जाळ्याला लावतात तसला शिशाचा एक मणी बसवलाय. पट्टी सगळ्यांना सारखीच गुंडाळली आहे, तेव्हा डोळ्यांनी कळणार नाही. एकेकाने या, उचला, फिरवा. फिरवताना आजूबाजूला बघा, पंखा खाली आहे. कुठली ती सांगा, आणि मणी मुठीकडे आहे की टोकाकडे तेही सांगा. पण माझ्या कानात सांगा, मागच्याला ऐकू जाता कामा नये.