आखाजीला निघालेली

(दृश्य: निंबाच्या फांदीला बांधलेला दोराचा झोका. झोक्यावर कुणी नाही. लांबून बायकांच्या गाण्याचा आवाज.)

निवेदन:

वैशाखातलं ऊन. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो, आणि त्याच उन्हात खानदेशातल्या लेकींचा सगळ्यात लाडका सण येतो. पंचांगात तो अक्षय्य तृतीया असतो. आपल्या तोंडी आखाजी.

आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते. भाऊ मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जातो. पितरांच्या नावानं घागर भरली जाते, गौराईची गाणी होतात, खापरावर मांडे पडतात, आमरस होतो, निंबाला झोके बांधले जातात. वर्षभर ज्या घरात डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्या घरापासून चार दिवस लांब, आणि झोका जाईल तितका उंच.

शेतकऱ्याच्या घरी आखाजीला आणखी एक गोष्ट होते. सालदाराचं साल संपतं. आखाजी ते आखाजी असा त्याचा करार. हिशेब होतो, आणि त्या दिवशी सालदार मालकाला सांगू शकतो, की औंदा मी तुमच्याकडे राहत नाही. तो निघतो, दुसऱ्या मालकाकडे नवं साल धरतो. गावात कुणी त्याला बोल लावत नाही. रीतच आहे ती.

एकाच दिवशीच्या या दोन रीती. त्यांच्या मधोमध उभी असलेली एक बाई आम्हाला भेटली.

(दृश्य: परातीत पीठ मळणारे हात. चेहरा चौकटीबाहेर.)

तिचं नाव आम्ही सांगणार नाही. सासरचा तालुका, मुलांची वयं, ती आज राहते ते शहर, यातलंही काही सांगणार नाही. काही तपशील आम्ही मुद्दाम बदलले आहेत. एवढं सांगता येईल, की सासर तापीच्या दक्षिणेला, कापसाच्या पट्ट्यात, आणि माहेर उत्तरेला, केळीच्या बागांकडे.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मारहाण दुसऱ्या वर्षी सुरू झाली. माहेरचे दोनदा बैठकीला आले, दोन्ही वेळा चार माणसांसमोर त्यानं हात जोडले, दोन्ही वेळा ती परत नांदायला गेली. दुसऱ्या वेळी परतल्यावर तिचा हात मोडला. दवाखान्यात तिनं सांगितलं, ओसरीवरून पडले.

तिच्यासारख्या बहुतेक जणी असंच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या १०० बायकांमागे मदत मागणाऱ्या साधारण १४ निघाल्या. बाकीच्यांच्या ओसऱ्या, पायऱ्या, न्हाणीतली शेवाळं बोलत राहिली.

आम्ही तिला विचारलं, कोणत्या दिवशी ठरवलंस? ती म्हणाली, ठरवायला एक दिवस लागला, निघायला आठ महिने.

आम्हाला सांगायची आहे ती या आठ महिन्यांची गोष्ट. घर सोडणारी बाई म्हटलं, की रागाच्या भरात, रात्री, अनवाणी निघालेली बाई डोळ्यांसमोर येते. कधी तसं निघावंच लागतं. जीवावर बेतलं असेल तर ११२ ला फोन करायचा आणि मिळेल त्या वाटेनं बाहेर पडायचं, तिथं कागदपत्रं शोधत बसायचं नाही. पण बाईच्या जीवाला सर्वांत मोठा धोका ती निघते तेव्हा आणि निघाल्यानंतरच्या काही आठवड्यांत असतो, हे या कामातली माणसं पुन्हा पुन्हा सांगतात. जो इतकी वर्षं ताब्यात ठेवत होता, त्याला ताबा सुटल्याचं त्या दिवशी कळतं. म्हणून भांडणात "मी चालले" असं तिनं एकदाही म्हटलं नाही. आठ महिने ती पूर्वीसारखीच वागली. पूर्वीसारखंच वागणं हे त्या आठ महिन्यांतलं सगळ्यात कठीण काम होतं.

(दृश्य: अंगणवाडीची भिंत, रंगवलेली फळं. पत्र्याची पेटी.)

तिनं एकाच माणसाला सांगितलं. माहेरी नाही, शेजारणीला नाही, अंगणवाडीच्या ताईला. धाकटं पोर अंगणवाडीत जायचं, त्यामुळे तिथं रोज जाण्यात कुणाला काही वेगळं दिसत नव्हतं. एकेक कागद ताईकडे गेला. आधी झेरॉक्स, मग शेवटच्या आठवड्यात मूळ प्रती: आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, जातीचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, मोडलेल्या हाताचा एक्स-रे. लग्नाचा एक फोटोही. तो कशाला, असं तिनं ताईला विचारलं होतं. ताई म्हणाली, उद्या तो म्हणेल हिच्याशी माझं लग्नच झालं नाही, तेव्हा लागेल.

पैशांची वाट अवघड होती. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये तिच्या नावच्या खात्यात यायला लागले. स्वतःच्या नावानं पैसे येण्याची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. पण खात्याला मोबाइल नंबर नवऱ्याचा जोडलेला. पैसे काढले की मेसेज त्याच्या फोनवर. म्हणून खात्याला तिनं हातच लावला नाही. वेचणीच्या हंगामात कापूस वेचून जे सुटं मिळायचं, त्यातलं थोडं थोडं ताईकडे जमत गेलं.

तिला निघायला असा दिवस हवा होता, की ती दोन पिशव्या भरते आहे, अंगावर डागदागिने घालते आहे, दोन्ही पोरांना घेऊन एस.टी.त चढते आहे, आणि घरातला एकही माणूस का म्हणून विचारत नाही.

असा दिवस वर्षात एकच असतो.

(दृश्य: एस.टी. स्टँड. भर उन्हात उभी लाल गाडी.)

भाऊ मुऱ्हाळी आला. सासूनं स्वतः डबा भरून दिला. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. ते अर्धं तिकीट तिनं अजून जपून ठेवलंय, आम्हाला दाखवलं. शाई उडाली आहे.

मागं काय राहिलं, हेही तिनं मोजून सांगितलं. पोरांचे स्वेटर. वैशाखात स्वेटर कोण भरतं? पिशवीत कुणाला दिसले असते तर सगळं उघडं पडलं असतं. ते तिनं खुंटीवरच राहू दिले.

माहेरी पोचल्यावर, रात्री माळदावर, तिनं आईला सांगितलं: "माय, माले आते मांगे जानं नही."

माय बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मग इथं पण राहू नको.

त्या माउलीचं हे शहाणपण आम्हाला फार मोठं वाटतं. लेकीला पोटाशी धरून ठेवायचं सोडून तिनं ओळखलं, की तो पहिला इथंच येणार. मावशी सुरतेला होती, उधन्याला. तापीच्या काठाकाठानं जाणारी जळगाव-उधना लाइन ३०६ किलोमीटरची, आणि तिच्या त्या टोकाला आपला अर्धा खानदेश राहतो. लूमवर, साड्यांच्या बाजारात, गल्लीगल्लीत अहिराणी ऐकू येते. जावई शोधत आला तर ती सुरतेलाच गेली असेल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. जिथं आपली माणसं जास्त, तिथं आधार जास्त, पण बातमीही संध्याकाळपर्यंत गावात पोचते. म्हणून सुरत नाही.

तिचा फोन नवऱ्यानं घेऊन दिलेला होता, सिम त्याच्या नावावर, गूगल खातं त्यानंच उघडून दिलेलं. फोन कुठं कुठं फिरतो ते तो घरबसल्या बघू शकत होता. व्हॉट्सअॅप दुसऱ्या यंत्रावर जोडलेलं आहे का, हे "लिंक्ड डिव्हाइस" उघडलं की दिसतं, पण ते बंद केलं की समोरच्यालाही कळू शकतं. निघण्याआधी असल्या कशाला हात न लावणं बरं. आखाजीनंतर चौथ्या दिवशी पहाटे ती निघाली तेव्हा फोन माहेरीच राहिला, चालू, चार्जिंगला लावलेला. वहिनी दोन दिवस तो उचलून सांगत होती, वन्सं झोपल्यात, वन्सं मळ्यात गेल्यात.

(दृश्य: रेल्वेच्या खिडकीतून पळणाऱ्या केळीच्या बागा.)

तिसऱ्या दिवशी त्यानं पोलिसांत हरवल्याची नोंद केली. अशी नोंद होणार हे ताईनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. माहेरच्या पोलीस ठाण्यात तिनं निघण्यापूर्वीच लेखी अर्ज देऊन पोच घेतली होती: मी सज्ञान आहे, मारहाणीमुळे स्वखुशीनं मुलांसह घर सोडलं आहे, मला कुणी पळवलेलं नाही, माझा ठावठिकाणा सासरच्यांना देऊ नये. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीनं घराबाहेर पडली, हा गुन्हा नाही. पोचेचा तो कागद दाखवल्यावर शोधाची चक्रं थांबली.

नव्या शहरात पहिल्या रात्री ती गेली सखी वन स्टॉप सेंटरला. १८१ या महिला हेल्पलाइनवरून तिला पत्ता मिळाला होता. २०१५ पासून देशभर ही केंद्रं उघडत गेली. पाच दिवसांपर्यंत निवारा, डॉक्टर, वकील, समुपदेशन, सगळं एका ठिकाणी. पाच दिवस पुरत नाहीत, हे खरंच आहे. तिथून तिला निवारागृहात पाठवलं. ज्यांना पूर्वी स्वाधार गृह म्हणत, ती आता शक्ती सदन म्हणून ओळखली जातात. बाईनं तशी इच्छा सांगितली, तर निवारागृहानं तिची ओळख समोरच्याला कळू द्यायची नाही, असं कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांतच लिहिलेलं आहे. तिनं ते मागून घेतलं. मागावं लागतं.

हा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. तो गावागावात "नवऱ्याला आत टाकायचा कायदा" म्हणून बदनाम आहे. त्यात पहिल्यांदा मिळतं ते संरक्षण: त्यानं जवळ येऊ नये, फोन करू नये, मुलांच्या शाळेत जाऊ नये, असा न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश. आदेश मोडला तर मग एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत, हेही त्याच अर्जात मागता येतं. संरक्षण अधिकारी अर्ज लिहायला मदत करतात. वकिलासाठी पैसे नसले तरी अडत नाही, कारण १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी फोन १५१००.

खटला सासरच्या तालुक्यातच चालवावा लागेल, ही तिची सगळ्यात मोठी भीती होती. तसं नसतं. बाई तात्पुरती जरी राहत असेल, तिथल्या न्यायालयात हा अर्ज चालतो. छळाच्या फौजदारी तक्रारीबाबतही सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं, की घरातून निघून बाई जिथं आसऱ्याला गेली, तिथं ती दाखल होऊ शकते. वकिलीणबाईंनी अर्ज माहेरच्या तालुक्यात लावला. कागदावर माहेरचा पत्ता, त्यामुळे नव्या शहराचं नाव फायलीत कुठंच आलं नाही. आदेश यायला मात्र वेळ लागला. अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो; तिच्या तारखा दिवाळीच्या पुढं गेल्या.

(दृश्य: शाळेचं दप्तर. नवा स्वेटर, मापापेक्षा मोठा.)

जूनमध्ये थोरल्याची शाळा. दाखला सासरच्या गावी. दाखला मागितला, तर कोणत्या शाळेनं मागितला हे गावाला कळणार. इथं २००९ चा शिक्षण हक्क कायदा कामाला आला: जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, या कारणानं पोराचा प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापकांना ते वाचून दाखवावं लागलं. त्यांनी वाचलं, आणि पोराला बाकावर बसवलं.

मग आधार केंद्रात अंगठा लावून तिनं आधारचा मोबाइल नंबर बदलला. मग बँकेचा. तेव्हा कुठं खात्यातले पैसे तिच्या हातात आले. डिसेंबरात त्यातून दोन स्वेटर घेतले. पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून मोठ्या मापाचे.

आठवण येते का, असं आम्ही विचारलं. ती म्हणाली, येते. नवऱ्याची नाही, पण आडाच्या पाण्याची, जावेची, दारच्या शेवग्याची येते. जावेला काही न सांगता आले, ते मनाला लागून राहतं. तिच्यावर आता काय चाललं असेल.

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

(दृश्य: चुलीवर पालथं खापर. हातांवर पसरत जाणारा मांडा.)

पोटाला आधार दिला तो आईनं शिकवलेल्या मांड्यांच्या विद्येनं. गहू ओलवून, वाळवून, दळून, कपड्यातून गाळलेलं पीठ. मळून, आपटून दोरीसारखी तार धरेल असं करायचं, पुरण भरायचं, आणि पोळपाट-लाटणं न घेता दोन्ही हातांवर झेलत झेलत पसरायचं. कोपरापर्यंत आला की तापल्या खापरावर टाकायचा. दोन हातांच्या मधे क्षणभर तो हवेत असतो, तेव्हा त्यातून पलीकडचं दिसतं. त्या शहरात हे करणारं दुसरं कुणी नाही. पहिल्या महिन्यात तीन ऑर्डरी आल्या. यंदाच्या आखाजीला तिला चार ऑर्डरींना नाही म्हणावं लागलं.

खापर भावानं आणून दिलं. सरळ आला नाही. दोन गाड्या बदलून, मधे एका गावी मुक्काम करून, गोणपाटात गुंडाळलेलं खापर मांडीवर घेऊन आला. सोबत माहेरच्या कैऱ्या. एक दिवस राहिला.

आम्ही शूटिंग करत होतो तेव्हा तिनं मधेच हात धुतले आणि कॅमेऱ्याच्या मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, दाखवा काय दिसतंय. आम्ही दाखवलं. उजेड सुंदर होता, खिडकीतून येत होता. तिनं बोट ठेवलं. खिडकीबाहेर, लांब, पाण्याच्या टाकीवर वॉर्डाचं नाव लिहिलेलं होतं. आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

ते दृश्य आम्ही काढून टाकलं. खिडकीला चादर लावली. तोवर खापर तापलं होतं. ती पुन्हा चुलीपुढं बसली, आणि आम्ही कॅमेरा फक्त तिच्या हातांवर ठेवला.