दुपारी चारचे कलाकार

[दृश्य: पहाटेचे पावणेचार. पुण्यातल्या एका बागेत दिवाळी पहाटेची तयारी. मांडववाल्याची माणसं खुर्च्या लावताहेत. स्टेजच्या कोपऱ्यात एक मुलगा तबला लावतोय.]

ऐकणारी मंडळी साडेपाचला येतील. उटणं-अत्तर लावून, नव्या कपड्यांत. हा मुलगा पावणेचारपासून इथे आहे, स्वेटर घालून. ॲक्टिव्हावर पायांशी डग्गा ठेवून आलाय. पाठीवरच्या बॅगेत दोन तबले आहेत. एक काळी चारचा आणि एक पांढरी एकचा (पेटीच्या पट्ट्यांवरून सांगितलेले सूर), कारण आज एक गायिका आहे आणि एक गायक. दवानं पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल पडलीय, तबला उतरलाय. पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हातोडीचे हलके ठोके देत तो एकेक घर सुरात आणतोय. थोड्या वेळानं स्टेजवरचे सगळे दिवे लागतील, पुडी तापेल, तबला चढेल आणि हे सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

वय चोवीस. मूळचा सांगलीचा. पुण्यात चौघांत मिळून भाड्याचा फ्लॅट. नाव सांगू नका, म्हणाला. "तसं काही नाही हो. डिसेंबरचे कार्यक्रम अजून ठरायचेत, एवढंच."

पहिल्यांदा तबल्यावर हात ठेवला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. म्हणजे अठरा वर्षांचा रियाज झाला. शाळेत त्याच्या बाकावर बसणारा मुलगा आज हिंजवडीत कोडिंग करतो. त्याला नोकरी लागून दोनच वर्षं झालीत, पण त्याची ओळख कोणी 'आपले छोटे इंजिनियर' अशी करून देत नाही. याची ओळख मात्र निवेदिका थोड्याच वेळात 'आपले छोटे उस्ताद' अशी करून देणार आहे. टाळ्याही पडतील. दाढी त्यानं मुद्दाम वाढवलीय, तिचा इथे फारसा उपयोग होत नाही. शिकवणीला होतो. नव्या घरी बेल वाजवली की दार उघडणारी आई त्याच्या मागे बघायची आणि विचारायची, "सर नाही आले?"

[दृश्य: कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी. फोन स्पीकरवर. आयोजकांचा आवाज बदललेला आहे.]

"काका, मानधनाचं काय ठरलं?"

"अरे बाळा, कोण कोण ऐकायला येणारेत माहितीये का तुला? आम्ही तुझ्या वयाचे होतो ना, तेव्हा सतरंज्या उचलायचो सतरंज्या. तू वाजव रे छान. पैशाचं बघू."

हे काका वाईट नाहीत. वर्गणी काढून, स्वतःच्या खिशातले घालून गाणं जगवणाऱ्या पिढीतले आहेत. सतरंज्या त्यांनी खरंच उचलल्यात. पण हे वाक्य ते मांडववाल्याला ऐकवत नाहीत. फुलवाल्याला, उपम्याचं कंत्राट घेतलेल्या केटररला ऐकवत नाहीत. मिक्सरवर बसलेला पोरगा बावीस वर्षांचा आहे, आपल्या तबलजीपेक्षा दोन वर्षांनी लहान. त्याचं बिल छापील असतं आणि आगाऊ रक्कम हातात पडल्याशिवाय स्पीकर टेम्पोतून खाली उतरत नाहीत. वय आडवं येतं ते फक्त वाजवणाऱ्याच्या.

वाजवणाऱ्याला मिळतं पाकीट. त्यात किती असेल हे आधी विचारायचं नाही आणि मिळाल्यावर समोर उघडायचं नाही, असा आपल्याकडचा शिष्टाचार आहे. दोन्ही हातांनी घ्यायचं, वाकून नमस्कार करायचा, कुर्त्याच्या खिशात घालायचं. उघडायचं पार्किंगमध्ये. त्यात कधी ठरल्यापेक्षा जास्त निघतं, हेही सांगायला हवं. बहुतेकदा पेट्रोल आणि पुडी बदलण्याचा खर्च भागेल एवढं असतं.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

तरुण कलाकार आपल्याला आवडत नाहीत असं कोणी म्हणणार नाही. उलट, लहान मूल गाताना दिसलं की आपण वेडे होतो. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ मुंबईत जिना हॉलमधल्या परिषदेत गायला, तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचा होता. त्या गाण्याच्या कहाण्या अजून सांगितल्या जातात. त्याला कुमार गंधर्व ही पदवी त्याच्याही आधी मिळाली होती. पण त्यानंतरची गोष्ट आपण कमी सांगतो. प्रो. बी. आर. देवधरांच्या संगीतशाळेत तो शिकायला राहिला आणि विशी गाठायच्या आत त्याच शाळेत शिकवायला लागला. म्हणजे एकोणीस वर्षांच्या पोराकडे मुंबईतली माणसं गाणं शिकत होती. 'सर नाही आले?' असं तेव्हाही कोणी विचारलं असेल का, कोण जाणे. देवधरांनी मात्र विचारलं नाही, हे नक्की.

अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. झी मराठीवर 2008-09 च्या सुमारास 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' गाजलं आणि आर्या, कार्तिकी, मुग्धा, प्रथमेश, रोहित ही नावं घराघरांत पोचली. रडत, ओवाळत महाराष्ट्रानं ती मुलं डोक्यावर घेतली. मग 2021 मध्ये त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात हे पाचही जण परीक्षकांच्या खुर्चीत बसले. सगळे विशीत, दशकाहून जास्त काळ गात आलेले. आणि आमच्याच ओळखीतल्या काही घरांत टीव्हीसमोर बसून म्हटलं गेलं, "ही कालची पोरं काय परीक्षण करणार?"

बालकलाकार आपल्याला हवा असतो. पिकल्या केसांचे बुवा तर हवेच असतात. मधली वीस-पंचवीस वर्षं कलाकारानं कुठे आणि कशावर काढायची, हे मात्र कोणी ठरवलेलं नाही.

आता सरकारी हिशेबात तरुण कोण, तेही बघू. आकाशवाणीची संगीत स्पर्धा सोळा ते चोवीस वयाची. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार 2006 मध्ये सुरू झाला, त्याची मर्यादा चाळीस. म्हणजे आपला तबलजी एका खिडकीवर या वर्षी म्हातारा होणार आणि दुसऱ्या खिडकीवर अजून सोळा वर्षं तरुण राहणार. चाळिशीपर्यंत पुरस्काराला पात्र ठरणं चांगलंच आहे. त्या चाळीसचा आधार घेऊन अडतीस वर्षांच्या वादकाला 'युवा कलाकार' म्हणून निम्म्या बिदागीवर बोलावतात, तक्रार त्याची आहे.

या फूटपट्टीनं गायक द. वि. पलुसकर मोजून बघा. जन्म 1921. वडील विष्णु दिगंबर 1931 मध्ये गेले. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात ते गायले. ऑक्टोबर 1955 मध्ये ते वारले, तेव्हा वय होतं चौतीस. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही गुरू शिष्यांना ऐकवतात, स्वर कसा लावावा ते दाखवायला. अख्खं आयुष्य त्यांनी आजच्या 'युवा' गटात काढलं. आज ते असते तर आमच्या काकांनी त्यांना दुपारी चारची वेळ दिली असती.

[दृश्य: संगीत महोत्सवाचा मांडव, दुपार. भारतीय बैठकीत तुरळक माणसं. बाजूच्या स्टॉलवर बटाटेवडे तळले जाताहेत.]

दुपारी चारची वेळ काय असते, ते या गायिकेकडून ऐका. वय सत्तावीस.

"माझ्या गुरूंनी मला दरबारी सहा वर्षं शिकवला. बागेश्री, मालकंस, सगळं झालंय. पण स्टेजवर मी गाते भीमपलास नाही तर मुलतानी, कारण मला वेळच ती मिळते. कोमल रिषभ-गंधार मला आता झोपेत पण लागतील. दरबारी ऐकला असेल तो माझ्या आईनं आणि शेजारच्यांनी."

बाहेरच्या माणसाच्या हे लक्षात येत नाही. आपल्या संगीतात रागाला वेळ आहे आणि मैफलीत वेळ ज्येष्ठतेनं मिळते. आधी लहान, शेवटी मोठे. त्यामुळे तरुण गायकाच्या वाट्याला कायम दुपारचे राग येतात. रात्रीचे राग रियाजाच्या खोलीतच राहतात. एखादा राग चार लोकांसमोर पंचवीस-तीस वेळा गायल्याशिवाय तो हातात येत नाही, असं जुनेच लोक सांगतात. मग ते पंचवीस-तीस वेळा गायचं कुठे?

पूर्वी रात्र मोठी होती. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 मध्ये सुरू झाला. पुढे कित्येक वर्षं तो रात्रभर चालायचा. लोक शाली आणि चहाचे थर्मास घेऊन यायचे, उजाडताना भैरवी ऐकून घरी जायचे. मोठ्यांच्या आधी, मधे, कुठेतरी नव्या माणसाला जागा व्हायची. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 मध्ये आले आणि उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत मिळते, तेवढीच. झोपणाऱ्यांच्या बाजूनं बघितलं तर नियम योग्यच आहे. पण मैफलीची रात्र गेली आणि राहिलेल्या तासांची वाटणी वयानुसार झाली. पंक्तीत शेवटी बसलेल्याच्या पानात काय पडणार?

एक गोष्ट मान्य करायला हवी. ख्याल पिकायला वेळ लागतो. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात एक आवर्तन (तालाचा एक फेरा) नुसतं शांत भरणं हे पंचविशीत बहुतेकांना जमत नाही, हात शिवशिवतात, तान बाहेर पडते. काही गुरू शिष्याला वर्षानुवर्षं स्टेजवर चढू देत नाहीत, त्यामागे प्रेमच असतं. प्रश्न कसाचा असेल तर कस बघा. जन्मतारीख बघून कस कसा कळणार?

आकाशवाणीनं हे एकदा करून दाखवलं होतं. 1950 च्या दशकात बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना कलाकारांना ऑडिशन सक्तीची झाली. मोठमोठे कलावंत भडकले, आमची परीक्षा घेणारे तुम्ही कोण, म्हणाले. केसकरांच्या बाकीच्या निर्णयांबद्दल, विशेषतः हार्मोनियम आणि सिनेसंगीताबद्दलच्या त्यांच्या रागाबद्दल, आम्हाला काडीचं प्रेम नाही. पण ऑडिशनमध्ये गाणारा स्टुडिओत असतो आणि ऐकणारे दुसरीकडे. बी, बी-हाय, ए, टॉप अशी श्रेणी ठरते आणि पैसे श्रेणीप्रमाणे मिळतात. दाढी आहे की नाही, हे तिथे दिसत नाही. मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणाऱ्यांनीही स्वतःची संघटना करून वर्गवार दर ठरवून घेतले होते. शास्त्रीय मैफलीत दर विचारणं अजून असभ्य समजलं जातं.

आणि कोकणात बघा. सिंधुदुर्गात डबलबारीचं भजन असतं. दोन बुवा समोरासमोर, आळीपाळीनं बारी. एक बुवा साठीचा आणि दुसरा विशीचा असला तर म्हातारा पहिल्याच बारीत पोराच्या वयाची, मिशीची टर उडवतो. लोक हसतात. पण त्याची बारी संपली की पोराची सुरू होते, तीच गर्दी समोर, तोच माईक. गजर रंगला की निकाल तिथेच लागतो. टर उडाली तर उडाली, तोंडावर उडते आणि उत्तर द्यायला जागा असते. शहरात टर कोणी उडवत नाही. "अजून वेळ आहे हो तुमच्याकडे," असं गोड बोलून फोन ठेवतात.

त्या सत्तावीस वर्षांच्या गायिकेला आणखी एक प्रश्न विचारला जातो, जो तबलजीला कधीच विचारत नाहीत. एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत तिला विचारलं होतं: "लग्नानंतर गाणं सुरू राहील ना?" ती म्हणाली, "सर, तुमचं राहिलं ना?" शिष्यवृत्ती मिळाली नाही.

[दृश्य: कोथरूडमधल्या एका सोसायटीचा हॉल. सतरंज्या. पन्नास-साठ माणसं.]

या दोघांनी आणि त्यांच्या काही मित्रांनी मिळून हल्ली स्वतःच बैठका सुरू केल्यात. तिकीट तीनशे रुपये. लाउडस्पीकर नाही, खिडक्या बंद, त्यामुळे दहाची धास्ती कमी. क्रम वयावर लागत नाही. ज्याला जो राग गायचाय, त्या रागाच्या वेळी तो गातो. परवाच्या बैठकीत सत्तरीचे एक बुजुर्ग गायक पाच वाजता मुलतानी गायला बसले, स्वतः सांगून. म्हणाले, मुलतानी गाऊन मला बरीच वर्षं झाली, मला कोणी या वेळेला बोलावतच नाही. त्यांच्या मागे तानपुऱ्यावर ती बसली होती. शेवटी नऊच्या पुढे ती दरबारी गायली. तबल्यावर आपला सांगलीचा मित्र. विलंबितात एका ठिकाणी ती सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सोडून पुढे गेली, त्यानं ठेका जरा मोकळा ठेवून तिला परत येऊ दिलं. समोर बसलेल्या बुजुर्गांनी फक्त त्याच्याकडे बघून मान हलवली.

कार्यक्रमानंतर सतरंज्या सगळ्यांनी मिळून उचलल्या. मग हिशेब. हॉलचं भाडं आणि चहा वजा जाता उरलेले पैसे कलाकारांत समान. बुजुर्गांनी आपलं पाकीट सगळ्यांसमोर उघडलं, थुंकी लावून नोटा मोजल्या आणि म्हणाले, "पन्नास जास्त आलेत रे."

हिशेब पुन्हा झाला. चहावाल्याचे द्यायचे राहिले होते.